चारचाकी खरेदीची पूर्वतयारी



माती परीक्षण, बेणे निवड, खोडव्याची जोपासना असे विषय आपण या पानावर नेहमी पाहतो. आजचा पाठ उसाचा नाही, पण उसाच्या बिलाचा जरूर आहे. गाळप हंगाम सरत आला, बिले खात्यावर पडू लागली, की पवनानगरच्या गट कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. हा प्रश्न खताचा नसतो, पाण्याचाही नसतो. "साहेब, गाडी कुठली घेऊ?"

परवाच आमचे एक जुने सभासद आले. वय सत्तरीच्या घरात, सगळा गाव त्यांना अण्णा म्हणतो. हातात गुळगुळीत रंगीत पत्रक.

"साहेब, पोरगं म्हणतंय, दसऱ्याला दारात गाडी पायजे. शोरूमवाला म्हणतोय, नुसतं पन्नास हजार भरा, बाकी सगळं आमी बघतो."

"अण्णा, बाकी सगळं म्हणजे किती?"

"ते काय सांगितलं नाही बा. महिन्याला आठ हजार तीनशे म्हणाला."

"किती वर्षं?"

अण्णांनी मुलाकडे पाहिले, मुलाने पत्रकाकडे. पत्रकावर तो आकडा नव्हता.

दोघांना बसवून घेतले, चहा सांगितला आणि वही काढली. त्या दिवशी तासभर जे बोलणे झाले तेच आज सर्व सभासदांसाठी व्यवस्थित मांडत आहे. गाडी घेऊ नका असे सांगण्याचा हेतू नाही. आजारी माणूस रात्री-अपरात्री कामशेत, सोमाटणे, तळेगावला न्यायचा तर पावसाळ्यात मोटारसायकल उपयोगाची नाही. लेकी-सुनांनाही आता सोय पाहिजे. सांगायचे ते एवढेच, की गाडी शोरूममध्ये पसंत करावी, पण खरेदीचे सगळे निर्णय घरी, वहीत, आकडे मांडून करावेत. शोरूममध्ये बसून निर्णय घेणारा माणूस निम्मा व्यवहार तिथेच हरलेला असतो.

१. काळ बदलला, आपली सवय बदलली नाही

जाणत्या मंडळींना आठवत असेल. एके काळी चारचाकी म्हणजे अ‍ॅम्बॅसेडर नाहीतर फियाट. पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. आपल्या शेजारी आकुर्डीला तयार होणाऱ्या बजाज स्कूटरसाठीसुद्धा तीच गत होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तिलाही आधी नंबरच लावावा लागे. त्या काळी विक्रेता देव आणि गिऱ्हाईक भक्त. मिळते आहे हेच भाग्य म्हणून माणूस पुढे येईल त्या कागदावर सही करी.

आज उलट आहे. तळेगाव, चिंचवड, पुणे या पट्ट्यात शोरूम रांगेने उभी आहेत. गाड्या उभ्या आहेत आणि गिऱ्हाईक शोधले जात आहे. म्हणजे हात आपला वर आहे. तरीही आपण आत शिरताना जुन्याच भक्तिभावाने शिरतो. ही सवय पहिल्यांदा सोडली पाहिजे.

आपल्याच जिल्ह्याचा आणखी एक जुना दाखला देतो. सन १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली. मूळ दुखणे कर्जाचे होतेच, पण त्यातली जळती गोष्ट अशी की काय लिहिले आहे ते न समजता त्या कागदांवर अंगठे उठलेले होते. पुढे १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा झाला, आणि शेतकऱ्याचे खतपत्र निबंधकापुढे व्हावे अशी तरतूद त्यात आली. सहकारी सोसायट्या आणि आपले सहकारी कारखाने याच दुखण्यावरचे औषध म्हणून पुढे उभे राहिले. आज आपण अंगठा देत नाही, सही करतो. पण कोऱ्या रकान्यावर केलेली सही आणि न वाचता दिलेला अंगठा यात फरक काय?

२. आधी गरज लिहा

वहीच्या पहिल्या पानावर गाडी कशासाठी हवी ते लिहा. घरात माणसे किती? महिन्यात किती किलोमीटर होतील? रस्ता कसा? दुधाचे कॅन, भाताची पोती, खताच्या गोण्या नेणार का? मालच न्यायचा असेल तर मोटार घेऊन मागची सीट फाडून घेण्यात शहाणपण नाही. त्यासाठी मालवाहू वाहन वेगळे असते आणि त्याची नोंदणी, कर, विमाही वेगळे असतात.

आपल्या मावळपुरत्या दोन गोष्टी विशेष पाहाव्यात.

पहिली, पाऊस. पवन मावळात पावसाळ्याचे चार महिने गाडी चिखल-पाण्यातून जाणार. गाडीचा पोटाखालचा उंचवटा पुरेसा आहे का, हे पत्रकात पाहून थांबू नका. चार माणसे बसवून आपल्या वस्तीच्या रस्त्यासारख्या रस्त्यावर चालवून पाहा.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. धरणाच्या काठाला तंबूंचा आणि पर्यटकांचा धंदा वाढल्यापासून बरीच तरुण मुले म्हणतात, "गाडी घेऊ, शनिवार-रविवार कामशेत-लोणावळा स्टेशनवरून गिऱ्हाईक आणू, हप्ता सुटेल." विचार चांगला, पण पांढऱ्या नंबरपाटीची गाडी खाजगी वापराची असते. भाडे घेऊन प्रवासी नेण्यासाठी परवाना व पिवळी पाटी लागते. खाजगी गाडीत भाडे असताना अपघात झाला तर परवान्याचा गुन्हा होतोच, शिवाय विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. धंदा करायचाच असेल तर उघड, पिवळ्या पाटीवर करावा आणि हिशेबही त्याप्रमाणे मांडावा.

याच पानावर सेवा केंद्र किती लांब आहे तेही लिहा. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना आपल्या डोळ्यांपुढे २००८ मध्ये सुरू झाला. शेवरोले बीट गाडी तिथली. कंपनीने २०१७ अखेर देशातील विक्री थांबवली, २०२० च्या डिसेंबरात कारखानाही बंद केला आणि २०२४ मध्ये तो ह्युंदाईकडे गेला. कंपनी गेली की गाडी चालायची थांबत नाही, पण जुन्या बाजारात तिची किंमत पडते. म्हणून नुसत्या रूपावर जाऊ नये. ती गाडी आपल्या भागात किती जण वापरतात, सुटे भाग कुठे मिळतात, हे आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला विचारावे.

३. ऊसबिल वर्षाचे, हप्ता महिन्याचा

हा या पाठाचा गाभा आहे. नोकरदाराला पगार महिन्याला येतो आणि त्याचा हप्ताही महिन्याला जातो. आपले तसे नाही. सुरू उसाला साधारण १२ महिने, पूर्वहंगामीला १४ ते १५, आडसालीला १६ ते १८ महिने लागतात. कायद्याने ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपीप्रमाणे पैसे मिळायचे असतात, पण तोडणीचा नंबरच मागेपुढे होतो आणि हंगामात काय काय अडते हे आपण सगळे जाणतो. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला जातोच.

आता उदाहरण पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत.

ऊस क्षेत्र २ एकर, एकरी ४० टन, एकूण ८० टन. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला हातात २,८०० रुपये धरू. एकूण २,२४,००० रुपये. त्यातून मशागत, बेणे, खते, वीज, पाणीपट्टी, मजुरी मिळून १,००,००० वजा करू. उरले १,२४,०००. बारा महिन्यांवर वाटले तर महिन्याला १०,३३३ रुपये. आडसाली असेल तर उत्पादन जास्त येते हे खरे, पण पैसाही तितकाच उशिरा येतो.

आता दुसरी बाजू. पाच लाखांचे कर्ज, १० टक्के घटत्या शिलकीचे व्याज, ५ वर्षे मुदत. हप्ता सुमारे १०,६२४ रुपये. म्हणजे घरात तेल-मीठ येण्यापूर्वीच उसाची सगळी शिलक संपली! त्यावर महिन्याला ६०० किलोमीटर फिरलो आणि लिटरला १५ किलोमीटर मिळाले तर ४० लिटर पेट्रोल, म्हणजे चार हजारांवर. विमा, सर्व्हिसिंग, टायर यांसाठी महिना दोन हजार बाजूला काढावे लागतात. एकूण सोळा हजार सहाशेच्या वर. दूध, भात, नोकरी, भाडे असे दुसरे उत्पन्न असेल तरच हे गणित बसते.

गणित बसत नसताना गाडी आणली तर पहिला फटका सोसायटीच्या पीककर्जाला बसतो. वेळेवर फेड करणाऱ्या शेतकऱ्याला डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज शून्य टक्क्याने पडते. गाडीचा हप्ता भागवण्यासाठी पीककर्ज थकवले की ही सवलत गेली, पत गेली आणि पुढच्या लागणीचे भांडवलही गेले. बिनव्याजी पैसा बुडवून व्याजाचा पैसा फेडायचा, हा कुठला व्यवहार?

यावर मी एक साधी परीक्षा सुचवतो. नवीन जातीचा ऊस आपण सगळ्या रानात एकदम लावत नाही, आधी चार सऱ्या लावून पाहतो. तसेच करा. शोरूमची पायरी चढण्यापूर्वी सहा महिने, गाडी घेतलीच आहे असे समजून, दर महिन्याच्या ५ तारखेला हप्त्याएवढी रक्कम वेगळ्या बचत खात्यात भरा. सहा महिने बिनचूक भरता आली तर गाडी झेपेल. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच उसनवारी करावी लागली तर उत्तर मिळाले, आणि तेही फुकटात. वर जमलेली रक्कम रोख भरण्याच्या कामी येईलच.

४. कर्जाचा कागद कसा वाचावा

(अ) सपाट व्याज आणि घटत्या शिलकीचे व्याज यांतला फरक ओळखा. "फक्त ७ टक्के" असे कुणी म्हणाले तर विचारा, सपाट की घटते? पाच लाखांवर ७ टक्के सपाट म्हणजे ५ वर्षांत १,७५,००० व्याज. १० टक्के घटत्या शिलकीने व्याज सुमारे १,३७,४००. म्हणजे सात टक्के दहा टक्क्यांपेक्षा महाग पडले! सपाट ७ टक्के हे घटत्या हिशेबाने साडेबारा टक्क्यांच्या आसपास जाते.

(आ) मुदत वाढवून हप्ता लहान दाखवला जातो. तेच पाच लाख, तेच १० टक्के, पण ७ वर्षे केली की हप्ता सुमारे ८,३०० होतो. अण्णांना सांगितलेला आकडा हाच. हप्ता २,३०० ने कमी झाला, पण एकूण व्याज सुमारे १,९७,००० वर गेले, म्हणजे साठ हजार जास्त. म्हणून "हप्ता किती" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, "सगळे फिटेपर्यंत एकूण किती रुपये जाणार?"

(इ) शोरूममधल्या टेबलावरचे कर्ज घेण्याची सक्ती नाही. आधी आपल्या बँकेत जाऊन दर विचारा, जमल्यास मंजुरीपत्र घेऊनच शोरूमला जा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्याने मुख्य तथ्य पत्रक द्यावे लागते. त्यात व्याज, सर्व शुल्के आणि वार्षिक एकूण खर्चाचा टक्का एकत्र लिहिलेला असतो. ते मागा, घरी न्या, शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या.

(ई) सहामाही हप्त्याची सोय आहे का ते विचारा. काही बँका व वित्त कंपन्या शेतकऱ्याला अशी सोय देतात, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. तसेच ऊसबिल आल्यावर एकरकमी काही भरणा केला तर दंड लागेल का, हे लेखी घ्या. आपल्यासाठी हे कलम सर्वांत मोलाचे आहे.

(उ) कोऱ्या कागदावर सही नाही. रकाना रिकामा असेल तर त्यावर आडवी रेघ मारा. सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागा.

५. भावपत्रक : काट्याच्या पावतीसारखे तपासा

आपण कारखान्याच्या काट्यावर किती दक्ष असतो! भरलेले वजन, रिकामे वजन, पावतीवरचा गट क्रमांक, सगळे पाहतो. पंचवीस किलोचा फरक दिसला तर केन यार्डात आवाज चढतो. तोच माणूस लाखांचे भावपत्रक न वाचता खिशात घालतो. लेखी भावपत्रक मागा, त्यावर तारीख, मॉडेल, प्रकार आणि रंग असला पाहिजे. मग प्रत्येक ओळ तीन रकान्यांत वाटा.

पहिला रकाना, टाळता न येणारा खर्च. गाडीची शोरूम किंमत. यात जीएसटी आलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांना, म्हणजे लांबी ४ मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलला १२०० व डिझेलला १५०० सीसीपर्यंत, १८ टक्के दर लागू झाला, म्हणून जुन्या किमतीचे पत्रक धरून बसू नये. मग रस्ता कर. आपल्या राज्यात १० लाखांपर्यंतच्या खाजगी गाडीला पेट्रोलसाठी ११ टक्के आणि डिझेलसाठी १३ टक्के एकरकमी. सात लाखांच्या पेट्रोल गाडीला सुमारे ७७,००० झाले. नोंदणी शुल्क ६०० रुपये, कर्ज असल्यास बोजा नोंदीचे १,५००, आणि पुस्तकाऐवजी मिळणाऱ्या कार्डाचे किरकोळ. दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का कर जागेवर कापून घेतात, तो आयकर विवरणात आपल्या नावे जमा दिसतो, तिकडे लक्ष ठेवा. त्रयस्थ व्यक्तीचा विमा ३ वर्षांचा सक्तीचा आहे, तो १ सप्टेंबर २०१८ पासून.

दुसरा रकाना, घेतले तर घ्यावे असे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा (कर्ज असेल तर बँक तो मागतेच), वाढीव हमी, सीट कव्हर, पायपुसणी, स्टिरिओ, रंगाला लेप. यातले बरेच बाहेर स्वस्त मिळते. विमासुद्धा शोरूममधूनच घ्यावा असा कायदा नाही. दोन-तीन कंपन्यांचे दर काढा. त्रयस्थ विम्याचा दर सगळीकडे ठरलेला असतो, फरक पडतो तो स्वतःच्या नुकसानीच्या भागात. मावळच्या पावसात इंजिन संरक्षणाची जोड मात्र जरूर विचारात घ्यावी. साध्या पॉलिसीत पाणी शिरून बिघडलेले इंजिन सहसा भरून मिळत नाही. आणि गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका, ढकलून बाहेर काढा.

तिसरा रकाना, ज्याचा अर्थच लागत नाही असे. हाताळणी खर्च, साठवण खर्च, फाईल खर्च, "आरटीओ इतर". हे सरकारी शुल्क नव्हे. सरकारी असेल तर पावती दाखवा म्हणा. पावती नसेल तर ती ओळ खोडायला सांगा. भीड धरू नका.

हा रकाना मी स्वतःच्या खिशातून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी मी गाडी घेतली. शोरूमचे नाव सांगण्यात अर्थ नाही. दिवस मुहूर्ताचा, आई नवे लुगडे नेसून उभी, हातात नारळ. गुरुजींनी दिलेली वेळ टळत होती. टेबलावर कागदांची चळत, खूण केलेल्या दहा जागा. मी भराभर सह्या केल्या. घरी येऊन पाहतो तर अठरा हजारांचे साहित्य आपण "मागितलेले" आणि विमा शेजाऱ्याच्या तशाच गाडीपेक्षा बराच चढा. परत गेलो तर नम्रपणे माझीच सही दाखवण्यात आली. काट्याची पावती तपासा म्हणून गावोगाव सांगत फिरणारा मी माणूस, पण त्या दिवशी नारळाकडे बघत राहिलो. चूक माझीच होती. ती आपली होऊ नये म्हणून लिहितो.

६. बेणे पाहतो तशी गाडी पाहा

बेणे आपण ९ ते ११ महिन्यांचे, फुगीर डोळ्यांचे, निरोगी मळ्यातलेच घेतो. ट्रॅक्टरमधून उतरवून घेण्याआधी मोळी सोडून पाहतो. गाडीचेही असेच, ती नावावर चढण्याआधी पाहायची. नोंदणी झाल्यावर दोष दिसला तर बदलून मिळणे फार अवघड.

दसरा, धनत्रयोदशी, पाडव्याला शोरूममध्ये यात्रा भरलेली असते. मुहूर्ताला ताबा घ्या, पण तपासणी दोन-तीन दिवस आधी, उजेडात, मेकॅनिकला बरोबर घेऊन करा. पाहायच्या गोष्टी अशा :

— चेसिस क्रमांक आपल्याला दिलेल्या कागदाशी जुळतो का. विक्री प्रमाणपत्रात (नमुना २१) निर्मितीचा महिना व वर्ष असते. मागल्या वर्षाची गाडी चालू वर्षाच्या भावाने घेऊ नये. सूट मिळत असेल तर डोळे उघडे ठेवून घ्यावी.

— टायरवर चार आकडी खूण असते. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा. पाचही टायरवर पाहा.

— किलोमीटरचा काटा. नव्या गाडीवर शेकड्यांत आकडा असेल तर कारण विचारा.

— रंगातील छटा, दारांच्या फटी, काचा, दिवे, वायपर, वातानुकूलन, जॅक, पाना, जादा चाक, दोन्ही चाव्या.

सुरक्षेसाठी एअरबॅग किती, आणि भारत एनकॅप चाचणीत गाडीला किती तारे, हे विचारा. ही चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात सुरू झाली आहे. आरशासारख्या चकचकीत चाकांवर पैसे घालण्यापेक्षा इथे घालावेत.

आगाऊ रक्कम भरताना शोरूमच्या नावेच भरा, विक्रेत्या मुलाच्या खात्यावर नको. पावतीवर गाडीचा प्रकार, रंग, ताब्याची तारीख आणि गाडी नको झाल्यास पैसे परत मिळण्याची अट लिहून घ्या. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख देण्याचे मनात आणू नका, आयकर कायद्याने विक्रेत्याला ती घेता येत नाही. उसाचे बिल खात्यावर येते, ते खात्यावरूनच जाऊ द्या. आणि गाडी रस्त्यावर आणायची ती एमएच १४ चा क्रमांक पडून, सुरक्षित नंबरपाटी लागल्यावरच.

एवढे करूनही फसगत झाली तर गप्प बसू नये. आधी शोरूमला व कंपनीला लेखी तक्रार, मग १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक, आणि शेवटी पुण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. तिथे तोंडी बोलणे चालत नाही, कागद चालतो. म्हणून प्रत्येक पावती एका पिशवीत ठेवा.

७. कर्ज फिटल्यावर

शेवटचा हप्ता गेला की काम संपले असे समजतात. तसे नाही. बँकेकडून ना-देय दाखला व नमुना ३५ घेऊन परिवहन कार्यालयात बोजा उतरवून घ्यावा, विम्यावरचे बँकेचे नावही काढावे. सात-बारावरचा बोजा उतरवायला आपण विसरत नाही, तसेच हे.

घरचा अभ्यास

पुढील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत. सगळ्यांची उत्तरे लिहून झाल्याखेरीज शोरूमला जाऊ नये.

१. गाडी कशासाठी आणि महिन्याला किती किलोमीटर?
२. पीककर्ज आणि घरखर्च वजा जाता वर्षाला खात्रीची शिलक किती?
३. रोख किती भरणार? कर्ज किती, किती वर्षे, व्याज सपाट की घटते?
४. कर्ज फिटेपर्यंत एकूण किती रुपये जाणार?
५. सहा महिने हप्ता वेगळ्या खात्यात भरून पाहिला का?
६. एक वर्ष ऊस पडला, हुमणी लागली किंवा तोडणी लांबली तर हप्ता कुठून भरणार?

सहाव्या प्रश्नाला उत्तर नसेल तर गाडी एक हंगाम पुढे ढकलावी. गाड्या दरवर्षी निघतात, त्या कुठे पळून जात नाहीत.

अण्णांचे काय झाले, हे विचाराल. त्या दिवशी वहीत सगळे मांडल्यावर मुलगाच म्हणाला, "अण्णा, दसरा राहू द्या. खोडव्याचं बिल आल्यावर बघू." आता दुधाच्या पैशातून तो दर महिन्याला वेगळ्या खात्यात भरणा करतो आहे, चार महिने झाले, अजून खंड नाही. अण्णा येता-जाता मला म्हणतात, "साहेब, गाडी नाही आली, पण पोरगं हिशेब ठेवाया लागलं." पाडव्याला कदाचित गाडीही येईल, आणि ती आली तर राहील.

शंका असल्यास सोमवारी, बाजारच्या वेळी नव्हे, सकाळी गट कार्यालयात यावे. भावपत्रक बरोबर आणावे, आपण दोघे मिळून वाचू.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी